फँटसीत ‘खरी’ माणसं हवीतच कशाला?

पानकिडा
फँटसी कादंबरीचं कौतुक निघालं की लोक नकाशे, जादूचे नियम आणि राजघराण्यांच्या वंशावळी घेऊन बसतात. माझ्या मते ही सगळी आरास. पुस्तक हातातून सुटत नाही ते त्यातल्या माणसामुळे. इंग्रज लेखक टोल्किनचा नायक फ्रोडो घ्या. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड (१९५४-५५) हा एक दुष्ट जादूची अंगठी नष्ट करायला चाललाय, आणि ऐन ज्वालामुखीच्या कड्यावर म्हणतो, नाही टाकणार! वर ती बोटात घालतो. त्या अंगठीसाठी वेडावलेल्या गॉलमने ते बोटच तोडून घेतलं नसतं आणि तोल जाऊन तो आगीत पडला नसता, तर सगळंच मुसळ केरात. पुढे घरी परतल्यावरही ६ ऑक्टोबरला, म्हणजे खांद्यात सुरी बसली त्या तारखेला, त्याचं दुखणं उफाळतं. गाव सावरतं, हा सावरत नाही. जिंकून आलेला असा नायक मला शंभर ड्रॅगनांपेक्षा जास्त पटतो.

तिरकस
मग सरळ वास्तववादी कादंबऱ्याच वाचा की! अहो, हल्ली ‘पटणारं पात्र’ म्हणजे झगा घातलेला आजचा माणूस. तलवार उपसतो आणि बोलतो मात्र ऑफिसातल्यासारखा. अमेरिकन फँटसी लेखिका अर्सुला ल गुईनने १९७३ मध्ये एका निबंधात हीच खोड पकडली होती. एका फँटसी कादंबरीतला संवाद घेतला, चार-दोन शब्द बदलले, तर तो थेट वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांचा झाला! पात्रं ओळखीची होती म्हणूनच ती नापास झाली.

घुबड
तिरकस, +१. टोल्किनही १९३९ च्या परीकथांवरच्या व्याख्यानात जगाबद्दल बोलतो: लेखक दुसरं जग उभं करतो, तुम्ही आत आहात तोवर तिथलं सगळं खरं, आणि विश्वास उडाला की जादू संपली. विश्वास जगावर हवा. परीकथेतल्या धाकट्या राजपुत्राचं मन कोण तपासतं?

पानकिडा
परीकथा दहा पानांची असते हो, आठशे पानं नुसता धाकटा राजपुत्र कोण सहन करेल?

आणि तिरकस, ल गुईनबाई तुम्ही अर्ध्याच सांगितल्यात. त्यांचीच १९६८ ची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ बघा. गेड हा जादूच्या शाळेतला हुशार, तापट पोरगा. बरोबरीचा एक खानदानी मुलगा त्याला डिवचतो, हा इरेला पेटतो आणि मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून एक सावली आत येते आणि त्याचा चेहरा फाडते. ती फट बुजवताना शाळेचा सर्वोच्च जादूगार जिवानिशी जातो. पोराची खुमखुमी कुणालाही कळेल, पण ही किंमत फक्त त्याच जगात मोजावी लागते. नावं बदलून हा प्रसंग वॉशिंग्टनमध्ये नेऊन दाखवा बरं!

तिरकस
म्हणजे जगाला चिकटलेलंच पात्र हवं. मग अर्धे तुम्ही माझ्या बाजूला आलात :)
उरलेल्या अर्ध्यासाठी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलाच ॲरागॉर्न, गादीचा वारस. पुस्तकात तो तुटकी तलवार जवळ बाळगून आपलं राज्य मिळवायलाच निघालेला असतो. सिनेमावाल्यांना हे पचलं नाही, म्हणून त्यांनी त्याला राजपदाची धास्ती चिकटवली. ‘विश्वासार्ह’ केला म्हणे! मला तो लहान झाल्यासारखा वाटला. पोवाड्यातला वीर बिचकायला लागला तर ऐकायचं काय?

नवखी
मध्येच बोलते, पण पुस्तकातला ॲरागॉर्न इतकाही पाषाण नाही. एका खानावळीत पहिल्यांदा भेटतो तेव्हा हॉबिट, म्हणजे फ्रोडो आणि त्याचे बुटके जातभाई, त्याच्याकडे संशयानेच बघतात. तेव्हा तो कबूल करतो, की तुम्ही माझ्यावर माझ्याखातर विश्वास ठेवाल अशी आशा होती. पाठलाग होणाऱ्या माणसाला कधीतरी अविश्वासाचा वीट येतो, मैत्री हवीशी वाटते. आणि लगेच स्वतःच्या अवताराकडे बघून हसण्यावारी नेतो. राजा आहे म्हणून नाही, त्या बोलण्यामुळे मला तो आवडला.

पानकिडा
क्या बात! हा प्रसंग मीच द्यायला हवा होता.

तिरकस
प्रसंग चांगलाच आहे, नाही कोण म्हणतंय. पण ते दोन ओळींत उरकतं आणि गडी पुढे निघतो. आज कुणी लिहिलं असतं तर त्या एकटेपणावर तीन प्रकरणं खर्ची घातली असती. माझं भांडण त्या तीन प्रकरणांशी आहे.