आरोग्य उपकेंद्र माणसं मोजून ठरवायचं की वाट मोजून?

जांबोटीकर:
परवा आमच्या वाडीवर लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टर दहाच्या जागी बाराला पोचल्या. एसटी फाट्यापर्यंत, पुढं लसीचा डबा खांद्याला लावून ओढ्यातनं चालत. बायका वैतागल्या होत्या, त्यांनी बोलून घेतलं. गोवर-रुबेलाची बाटली एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणून दुसरं पोर येईस्तोवर त्या बाटली न फोडता बसून राहिल्या. टोचल्यावर नोंद रजिस्टरात, मग तायी कार्डावर (आई-बाळाच्या सरकारी कार्डावर), मग मोबाईलवर. रेंज नाही, म्हणजे तेवढं रात्री घरी जाऊन.

नियम काय, तर सपाटीला ५०००, डोंगराळ भागात ३००० माणसांमागं एक उपकेंद्र. खरं बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात तेवढी माणसं गोळा करायची तर किती वाड्या पालथ्या घालाव्या लागतात! येळ्ळूरसारख्या गावात एका गल्लीत तेवढी भेटतील. उपकेंद्र अंतरावर ठरवा आणि मोबाईलचं काम दुसऱ्या कुणाला द्या, हे माझं म्हणणं.

येळ्ळूरकर:
एका गल्लीत ३०००? या एकदा मोजायला. आमच्याकडं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला येणारे भाडेकरू केवढे झालेत, आणि जनगणना अजून २०११ चीच धरतात. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, कार्ड तिकडचं, बाळ चौथ्या महिन्यात इकडं. त्याचा दुसरा डोस झाला की नाही हे शोधत सिस्टर दारोदार फिरतात. चालायला कमी लागतं हे खरं, काम कमी नाही. अंतरावर ठरवलं तर आमचं उपकेंद्र आणखी फुगणार.

चिकोडीहून एक:
सगळे सिस्टरची बाजू घेताय, मी उलटं बोलतो. हजार माणसांमागं आशाताई आहे. २०१८ नंतर उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी पण बसले, बीपी-शुगर ते बघतात. म्हणजे माणसं वाढली की नाही? माझ्या वहिनीच्या बाळंतपणानंतर आशाताई ठरल्याप्रमाणं तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्यापर्यंत सहा वेळा आल्या. सिस्टर एकदाही नाही. सिस्टरच्या सरकारी क्वार्टरला कुलूप, बाई शहरातनं येऊन-जाऊन करणार. हे कुणी बोलत नाही.

निवृत्त सिस्टर:
बोलते की मी. ३१ वर्षं केली नोकरी. शेवटच्या क्वार्टरला पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन भांडी लावायची, नळ नाही, आणि रात्री कुणीही दार बडवणार. पोरं शाळेची झाल्यावर मी पण बाहेर खोली घेतली, लपवत नाही.

१९९६ पर्यंत आमच्या डोक्यावर नसबंदीचं टार्गेट होतं. ते गेलं तेव्हा वाटलं, आता बाळंतिणींकडं बघायला सवड मिळेल. कुठलं काय. आता पदाचं नावसुद्धा मोठं केलंय, प्राथमिक आरोग्य सुरक्षणाधिकारी. पाटी मोठी, काम तेच. सीएचओ आले, खरं त्यांचं पोर्टल वेगळं, आमचं वेगळं. काम वाटून गेलं नाही, शेजारी आणखी एक ढीग लागला.

वहिनीकडं एकदा तरी जायला हवं होतं, तिथं सिस्टर चुकली.

जांबोटीकर, नोंद दुसऱ्याकडं देऊ नका मात्र. गरोदर बाईचं बोट टोचून रक्त मी बघितलं, मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९, आज ८. लिहिताना वरची ओळ दिसते आणि हात थांबतो. गोळ्या खाते का, की डब्यात तशाच आहेत, हे तेव्हाच विचारलं जातं. संध्याकाळी कागद बघून आकडा भरणाऱ्याला ८ म्हणजे नुसतं ८. लिहायचं टोचणारीनंच, फक्त एकदा. एकच आकडा चार ठिकाणी कशाला?

जांबोटीकर:
हे पटलं, नोंदीचं मागं घेतो. अंतराचं नाही घेणार. पावसाळ्यात तुमच्या येळ्ळूरचा रस्ता बंद पडत नाही.

येळ्ळूरकर:
मग डोंगरात वेगळी सिस्टर वाढवून द्या, आमच्यातली काढून नको. भांडण तिथंच आहे.

चिकोडीहून एक:
क्वार्टरचं पटलं, गळक्या घरात कोण राहणार. खरं फोन तरी उचलावा माणसानं.

निवृत्त सिस्टर:
उपकेंद्राच्या भिंतीवर नंबर लिहिलेला असतो, त्यावर लावला होता काय?

चिकोडीहून एक:
लावला की. बदली होऊन गेलेल्या सिस्टरनी उचलला. दोन वर्षं झाली म्हणे जाऊन, अजून रोज दोन-तीन फोन येतात त्यांना.