मदत हवी आहे: एचसीएलच्या (हायड्रोजन क्लोराइड) आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममधून बी (रोटेशनल कॉन्स्टंट) आणि डी (सेंट्रिफ्युगल डिस्टॉर्शन कॉन्स्टंट) काढताना बिंदूंना वेट (कमी-जास्त महत्त्व) कसं द्यायचं?

टीवायबीएस्सी, फिजिकलचं प्रॅक्टिकल. एचसीएल वायूचा एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) घेतलाय. मशीनचं रिझोल्यूशन 4 सेंमी⁻¹, त्यामुळे क्लोरीन-35 आणि 37 या आयसोटोपच्या रेषा (फरक जेमतेम 2) सुट्या होत नाहीत. शिखर एकच, कमी वेव्हनंबरकडे किंचित कललेलं. पी-आर शाखांना (मधल्या गॅपच्या खालच्या आणि वरच्या वेव्हनंबरकडच्या रेषांना) नंबर देऊन झालेत, 2886 जवळची गॅप स्वच्छ दिसते, त्यामुळे तिथे घोळ नसावा.

आर(जे−1) − पी(जे+1) विरुद्ध (जे+½) असा आलेख काढला (जे म्हणजे रोटेशनल क्वांटम नंबर). चढावरून ग्राउंड स्टेटचा बी 10.34 येतो, अपेक्षित 10.44. जे 7 च्या पुढे बिंदू रेषेखाली घसरतात, म्हणजे सेंट्रिफ्युगल डिस्टॉर्शन (फिरताना बंध ताणला जाणं) धरावंच लागणार. मग फरकाला (जे+½) ने भागून (जे+½)² विरुद्ध मांडलं: चढ −8डी, छेद 4बी−6डी. पण शिखर वाचण्यातली ±0.5 ची चूक भागाकारामुळे लहान जे ला फुगते आणि डी ची किंमत वाट्टेल तशी नाचते.

हाताशी फक्त एक्सेल आहे, सबमिशनआधी पुन्हा स्पेक्ट्रम मिळणार नाही.

सुरुवातीचे बिंदू सरळ गाळावेत, की (जे+½)² इतकं वेट द्यावं? आणि बंधलांबीसाठी रिड्यूस्ड मास (दोन अणूंचं मिळून परिणामी वस्तुमान) क्लोरीन-35 चा घ्यायचा की सरासरी क्लोरीनचा?