राजहंसगडावर हॅम रेडिओची रिग चालवायला बॅटरी कुठली घेऊ? (४० मीटर, एसएसबी)

येळ्ळूरकर
नमस्कार मंडळी. घरच्या शॅकमधनं (रेडिओच्या खोलीतनं) एसएसबी, म्हणजे माईकवरचं बोलणं, व्यवस्थित चालू आहे, आता बाहेर पडायचंय. पहिला राजहंसगड, मग वैजनाथचा डोंगर, आणि पाऊस उघडला की जांबोटी-कणकुंबीकडं. रिग (रेडिओ सेट) नेहमीची १०० वॅटची, १३.८ व्होल्टवाली, अँटेना ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (मधे उंच, दोन्ही बाजूला उतरती तार) फायबरच्या काठीवर.

सध्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी जोडून बघालोय. ऐकायला मस्त चालतीय, पण माईकवर जरा जोरात बोललं की रिग बंद पडून परत चालू होते, पॉवर २० वॅटवर आणली की गप चालतीय. वायर घरात फिटिंगची उरलेली दीड स्क्वेअरची (चौरस मिमी) आहे, साधारण तीन मीटर. बॅटरी नवी आहे, दुकानदारानं तपासून दिलीय.

आता जो तो वेगळं सांगालाय. बाजारात दुकानदार म्हणतोय २६ एएच लेड-अ‍ॅसिड घ्या, एक दोस्त म्हणतोय ई-स्कूटरचा जुना पॅक स्वस्तात मिळतोय तो घे, आणि नेटवर बघितलं तर सगळे पॉवर स्टेशन घ्या म्हणालेत. बजेट दहा-बारा हजार, त्यात चार्जरबी बसला पाहिजे.

अजून एक. नुसती हौस नाही. आमचे पाहुणे चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठाला आहेत, २०१९ च्या ऑगस्टमधला पूर त्यांनी बघितलाय. करंट गेला की मोबाईलच्या टॉवरचा काय भरवसा. तेव्हा जे घेईन ते गडावरबी चाललं पाहिजे आणि तसल्या वेळेलाबी. कृपया ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा.

डायपोलवाला
येळ्ळूरकर, बॅटरी बदलायच्या आधी ती वायर बदला. दीड स्क्वेअरची तीन मीटर म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०७ ओहम. १०० वॅटला रिग २० अँपिअर ओढतीय, म्हणजे जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच गेला. बहुतेक रिगना १३.८ ला १५ टक्के इकडं-तिकडं चालतंय, म्हणजे खालची हद्द ११.७ व्होल्ट. तुमची बॅटरी भरलेली असली तरी १२.६-१२.७, त्यात २० अँपिअरला ती स्वतः खाली बसणार, वर वायरीचा दीड. रिगपर्यंत ११ बी पोचत नसणार, ती बंद पडणारच ओ. ह्यात बॅटरी खराब आहे असं अजिबात नाही. ७ एएच हा आकडा २० तासात हळूहळू काढायचा धरून छापलेला असतो, म्हणजे ०.३५ अँपिअरनं. २० अँपिअरनं काढायला गेलात तर त्यातलं निम्मंसुद्धा हाताला लागत नाही.

४ किंवा ६ स्क्वेअरची मऊ फ्लेक्सिबल वायर घ्या, दीड मीटरच्या वर नको. ६ स्क्वेअरला तोच ड्रॉप ०.२ व्होल्टच्या आत येतो. फ्यूज दोन्ही तारांत, आणि बॅटरीच्या टर्मिनलला अगदी लागून, रिगच्या बाजूला नाही. गडावर दगडांत वायर चेंगरून शॉर्ट झाली तर बॅटरी आणि फ्यूजच्या मधला जेवढा तुकडा आहे तेवढा तापून लाल होणार, तो तुकडा बोटभरच असला पाहिजे.

आता किती एएच लागणार ते. सगळे ट्रान्समिटचा करंट बघतात, पण पोर्टेबलला बॅटरी खातो तो रिसीव्हर. तुमच्यासारखी रिग नुसती ऐकत बसली तरी १ अँपिअरच्या आसपास घेते. सकाळी ९ ते दुपारी ३ बसलात तर सहा तासांचे पाच-सहा एएच न बोलताच गेले. त्यावर बोलणं वेळेच्या पाचव्या हिश्श्याएवढं धरा, एसएसबीत बोलताना सरासरी करंट पीकच्या निम्मा तरी धरावा लागतो. १०० वॅटला सगळं मिळून १६-१७ एएच होतात, २५ वॅटला ११-१२. एफटी८ (कॉम्प्युटरवरनं छोटे डिजिटल संदेश) करणार असला तर हिशोब एकदम वेगळा, दर १५ सेकंदाच्या स्लॉटमध्ये साडेबारा सेकंद सलग सिग्नल जातोय आणि एक सोडून एक स्लॉट तुमचा. २५ वॅटलाच तासाला ५ एएच उडाले समजा.

आणि २५ वॅट म्हणजे कमी नव्हे. १०० वरनं २५ वर आलात तर समोरच्याकडं ६ डीबी, म्हणजे सिग्नलच्या मीटरवर एकच घर (एस-युनिट) कमी. दिवसा ४० मीटरवर कोल्हापूर, पुणे, हुबळीला तुमचा सिग्नल वर जाऊन सरळ खाली येतोय, तिथं २५ वॅट भरपूर. उरलेला पैसा त्या इन्व्हर्टेड व्हीची काठी अजून दोन मीटर उंच करण्यात घाला, त्याचा उपयोग रिसीव्हलाबी होतो.

म्हणून माझं मत, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, चार सेल सीरिजमध्ये, १८ ते २० एएच. बांधून घ्यायचा असला तर ३२७०० साइजचे ६ एएचचे बारा सेल, ४ सीरिज ३ पॅरलल, १८ एएच होतात आणि केस धरून दोन-सव्वादोन किलोत बसतंय. २६ एएचची लेड-अ‍ॅसिड आठ किलोच्या वर जाते, आणि आयुष्य टिकवायचं तर त्यातलं निम्मंच वापरायचं, म्हणजे हातात १३ एएच. ते आठ किलो पाठीवर घेऊन जांबोटीच्या रानात चालून बघा एकदा.

एलएफपीचं मला आवडतं ते म्हणजे व्होल्टेज. भरल्यावर थोडा वेळ विश्रांती दिली की १३.३ च्या आसपास येतंय आणि बराच वेळ १३ च्या जवळपास पडून राहतंय. रिगला घरच्या सप्लायवर असल्यासारखंच वाटतं, ऑडिओ स्वच्छ जातो.

निपाणीकर
वरचा सगळा हिशोब बरोबर आहे, गडासाठी एलएफपी घ्या, त्यात वाद नाही. पण प्रश्नाचा दुसरा निम्मा भाग राहिला, पुराचा. तिथं माझं मत वेगळं आहे.

२०१९ ला आणि परत २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, निपाणी-कोल्हापूर रस्ता बंद. तसल्या वेळेला तुमचा १८ एएच पॅक पहिल्या दिवशी संपला की तो भरणार कशावर? करंट नाही, ऊन नाही, आभाळ आठ-आठ दिवस फाटलेलं. पण आमच्या भागात ऊसपट्ट्यात दर दोन घरामागं ट्रॅक्टर आहे, त्यात ७५-८० एएचची १२ व्होल्टची बॅटरी आणि ती भरायला इंजिन. गावात डिझेल असेपर्यंत रेडिओ चालणार. मी तर म्हणतो बॅटरीपेक्षा आधी केबल तयार ठेवा, एका टोकाला दणकट मगरी क्लिपा, लगेच फ्यूज, दुसऱ्या टोकाला रिगचा कनेक्टर. ती पिशवीत कायम पाहिजे.

दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. इंजिन सुरू करायची बॅटरी खोल रिकामी करायला बनवलेली नसते, रिग बंद करून जरा वेळानं मोजल्यावर १२.२ च्या खाली दिसली की इंजिन चालू करून भरायची, नाहीतर मालकाचा ट्रॅक्टर सकाळी सेल्फ मारायचा नाही आणि पूर असताना तो ट्रॅक्टरच गावाची नाव आहे. इंजिनला सेल्फ मारताना रिग काढून ठेवा. ट्रकला हात लावण्याआधी बघा, तिथं दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात, २४ व्होल्ट. घाईत क्लिप चुकीच्या टर्मिनलला लागली तर रिग गेली. आणि अ‍ॅसिडची बॅटरी बंद खोलीत चार्ज करायची नाही, गॅस सुटतोय.

सॅकमधला पॅक पहिल्या रात्रीसाठी. त्यापुढं गावातल्याच बॅटऱ्या.

खानापूर_क्यूआरपी
मी ५ वॅटची छोटी रिग वापरतो, रिसीव्हला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, ट्रान्समिटला दोन-अडीच. ६ एएचचा एलएफपी पॅक, वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यात दिवस निघतोय. सगळ्यांना जमेल असं नाही, १०० वरनं ५ म्हणजे १३ डीबी, दोन एस-युनिट गेले, आणि रविवारी सकाळी ४० मीटरवर गर्दी असली की कुणी ऐकतच नाही. सीडब्ल्यू (मोर्स कोड) येत असलं तर मात्र मजा आहे.

सोलरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घडीचं ५० वॅटचं पॅनल असलं तर चांगल्या उन्हात पावणेतीन अँपिअर, एप्रिलच्या दिवसात खानापूर भागात दहा-बारा एएच सहज आत जातात. पण चार्ज कंट्रोलर कुठला ते महत्त्वाचं. स्वस्तातले एमपीपीटी प्रकारचे कंट्रोलर ४० मीटरवर इतका गोंगाट करतात की एस७-एस८ च्या खालचं काहीच ऐकू येत नाही, आणि आपल्याला वाटतं बँडच खराब आहे. पडताळायचं असलं तर टॉवेल टाका पॅनलवर. नॉइज एकदम खाली गेला तर कंट्रोलरच दोषी. पॅनलच्या दोन्ही तारा एकमेकीला पीळ देऊन ठेवायच्या, फेराइटच्या रिंगेत आठ-दहा वेढे घ्यायचे, ३१ नंबरचं मटेरियल ४० मीटरला चांगलं. तरी नाही गेला तर ऐकताना पॅनल काढून ठेवा, जेवायला बसल्यावर जोडा.

पावसाळ्यात कणकुंबीला सोलर न्यायचं मनातसुद्धा आणू नका. तिथं पाऊस किती पडतोय ते माहितीच आहे तुम्हाला. आणि मे महिन्यात वळवाचा गडगडाट लांबनं जरी ऐकू आला तरी काठी खाली, कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगमधनं बाहेर, माणूस गडावरनं खाली. ह्यात विचार करायचा नाही.

येळ्ळूरकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज बाजारातनं ६ स्क्वेअरची वायर आणली, दीड मीटर, फ्यूज बॅटरीपाशी घातले. त्याच ७ एएचवर आता ४० वॅटपर्यंत बिनतक्रार चालालंय! म्हणजे डायपोलवाला म्हणतात ते खरं.

तीन शंका राहिल्या. ई-स्कूटरचा पॅक का नको ते कुणी सांगितलं नाही, दोस्त अजून मागं लागलाय. पॉवर स्टेशनचंबी राहिलं. आणि एलएफपी घेतला तर बीएमएस (पॅक सांभाळणारं सर्किट) किती अँपिअरचा, चार्जर जुना लेड-अ‍ॅसिडचा चालतो का?

डायपोलवाला
छान झालं, हे ऐकून बरं वाटलं.

स्कूटरचे पॅक मुळात ४८-६० व्होल्टचे, ते फोडून परत बांधावे लागतात, आणि ते काम ज्याला येतं त्यानंच करावं, लिथियमची आग विझत नाही लवकर. दुसरं, बऱ्याच जुन्या पॅकमध्ये साधे लिथियम-आयनचे सेल असतात, फॉस्फेट नाही. ते तीन सीरिजमध्ये घेतले तर भरलेले असताना १२.६ आणि थोड्याच वेळात ११.७ च्या खाली. चार घेतले तर भरलेले १६.८, रिगची वरची हद्द १५.८ च्या आसपास. म्हणजे तीन कमी पडतात, चार जास्त होतात. मधे कन्व्हर्टर घालून जमवतात लोक, पण मग त्याचा नॉइज. एलएफपीचे चार सेल बरोबर मधे बसतात, भरताना १४.४-१४.६, चालताना १३.

पॉवर स्टेशन वाईट नाही, लॅपटॉप-मोबाईल सगळं चालतं त्यावर. पण बहुतेकांचं १२ व्होल्टचं सॉकेट १० अँपिअरलाच कट होतंय, तुम्हाला २५ वॅटच्या वर जाता येणार नाही. २३० व्होल्टचं सॉकेट वापरून परत घरचा सप्लाय लावला तर बॅटरीचा डीसी, त्याचा एसी, त्याचा परत डीसी, प्रत्येक ठिकाणी गळती आणि इन्व्हर्टरचा आवाज बँडभर. तुमच्या बजेटमध्ये पॅक बरा.

बीएमएस ३० अँपिअर कंटिन्युअसचा घ्या. २० चा घेऊ नका, बोलताना पीक आला की तो कट करतोय आणि तुमची जुनी तक्रार परत सुरू. चार्जर एलएफपीचाच, १४.६ व्होल्ट, ५ अँपिअर असला की पाच तासांत काम होतंय. लेड-अ‍ॅसिडच्या काही चार्जरमध्ये डीसल्फेशन म्हणून मोड असतो, त्यात व्होल्टेज १५ च्या वर उडतंय, बीएमएस तोडेल पण रोज कशाला त्याची परीक्षा.

अजून एक राहिलं. एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतंय म्हणून मीटर बघून किती उरलंय ते कळत नाही, १३ दिसालंय म्हणून निवांत बसलात आणि दहा मिनिटांत बीएमएसनं तोडलं असं होतंय. किती एएच बाहेर गेले ते मोजणारा छोटा वॅटमीटर मिळतो, तो मधे टाका, पण ६ स्क्वेअरच्या वायरीवरच, नाहीतर त्याच्या बारीक तारांत परत व्होल्ट जाणार. आणि निपाणीकरांची ती मगरी क्लिपांची केबल नक्की करून ठेवा, ते मला सुचलं नव्हतं. मीबी करालोय आता.

निपाणीकर
केबल करताना लाल-काळी वायर वेगळी वेगळी घ्या, आणि रिगच्या बाजूला उलटा बसणार नाही असा कनेक्टर. रात्री, पावसात, टॉर्च तोंडात धरून जोडायची वेळ येते. येळ्ळूरकर, गडावर गेलात की इथं आधी टाका किती वाजता आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, निपाणीतनं मी ऐकत बसतो, रिपोर्ट देतो. ७३ (शुभेच्छा).