प्रबंध तपासणीत २३ टक्के साधर्म्य: वाक्ये बदलून आकडा खाली आणायचा का?

घणसोली_संशोधक

विषय: नवी मुंबईच्या नियोजनाचा इतिहास. प्रबंध मराठीत आहे. सादर करण्याआधी सॉफ्टवेअरमधून तपासला तर २३ टक्के साधर्म्य, म्हणजे इतरांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, आले. जुळणाऱ्या वाक्यांवरचा रंग सर्वात जास्त दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात दिसतो. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१० टक्क्यांच्या आत यायचे म्हणून रंगलेली वाक्ये शब्द बदलून पुन्हा लिहायची का? त्यासाठी ऑनलाइन टूल वापरण्याचा सल्ला मिळतो आहे.

१८८२ च्या ठाणे गॅझेटियरवर (जिल्ह्याच्या ब्रिटिशकालीन माहितीग्रंथावर) आता कोणाचा हक्क राहिलेला नाही. मग त्यातले उतारे संदर्भ न देता घेतले तर चालतात का?

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली. तो मूळ लेख हाती आलेला नाही, दुसऱ्या एका पुस्तकात त्याविषयी वाचले आहे. संदर्भ कोणाचा द्यायचा?

ग्रंथालय_ठाणे_पूर्व

आधी अहवाल नीट उघडा, २३ हा आकडा बाजूला ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, कायद्यांचा मजकूर, रूढ संज्ञा आणि प्रमाण सूत्रे साधर्म्यातून वगळायची असतात. तपासताना ही सेटिंग चालू नसेल तर आकडा फुगतो. तुमच्या विषयात भूसंपादन कायद्याची कलमे आणि शासकीय समित्यांची लांबलचक नावे पानोपानी येणार, त्यांचाही त्यात वाटा असतो. ग्रंथालयाकडून वगळणी लावून पुन्हा अहवाल मागवा.

मग उजवीकडची स्रोतांची यादी बघा. साठ स्रोतांशी प्रत्येकी पाव-अर्धा टक्का जुळत असेल तर बहुतेक वेळा ती विषयाची सामाईक भाषा असते. एकाच पुस्तकाशी ८ टक्के जुळत असेल तर मात्र थांबा. एकूण आकडा १० च्या आत असला तरी ती उचलच ठरते.

शिक्षेचे टप्पे असे: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचे. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. हे टप्पे सादर केलेल्या प्रबंधाला लागतात. तुमचा अजून कच्चा खर्डा आहे, तेव्हा घाबरू नका.

चौदा शब्दांच्या नियमाचा अर्थही नेहमी चुकीचा लावला जातो. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने सारखे आलेले सलग १४ पर्यंतचे शब्द वगळतात, एवढेच त्यात आहे. दुसऱ्याचे १३ शब्द खुशाल घ्यावेत अशी ती परवानगी नाही.

आणखी एक. प्रबंधाचा काही भाग श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला. नाहीतर सॉफ्टवेअरला तिथे निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, काहीच जुळत नाही आणि २ टक्क्यांचा खोटा दिलासा मिळतो.

मुद्रितशोधन_डोंबिवली

टूल अजिबात वापरू नका. ते अर्थ न समजता प्रतिशब्द घालते. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' असले प्रतिशब्द छापील शोधनिबंधांत सापडले आहेत, आणि अशी विचित्र शब्दरूपे आता परीक्षक मुद्दाम शोधतात. मराठीत 'भूखंड'चा 'जमिनीचा तुकडा' झाला की पारिभाषिक अर्थच गेला. शिवाय शब्द बदलले तरी कल्पना दुसऱ्याचीच राहते, म्हणजे श्रेय द्यायचे ते द्यायचेच.

समजा मूळ वाक्य असे आहे (नोड म्हणजे नियोजित शहराचा एकेक भाग): 'विकसित भूखंड विकून आलेल्या पैशातून पुढच्या नोडची पायाभूत कामे करायची, हा नव्या शहराच्या अर्थकारणाचा कणा होता.'

बहुतेक जण याचे असे करतात: 'तयार भूखंडांच्या विक्रीतून मिळालेल्या रकमेतून पुढील नोडची मूलभूत कामे करणे, हा नवीन शहराच्या अर्थव्यवस्थेचा आधार होता.' वाक्याचा सांगाडा तोच, कणा जाऊन आधार आला. खाली संदर्भ दिला तरी हे चालत नाही, कारण वाचकाला वाक्यरचना तुमची वाटते.

आता हे बघा: 'शहर उभारणीचा खर्च जमिनीतूनच निघावा अशी ही रचना होती, असे अमुक लेखक दाखवतात (वर्ष, पृष्ठ). मात्र भूखंडांचे दर चढे राहण्यातच नियोजन संस्थेचे हित गुंतले, या परिणामाकडे ते वळत नाहीत.' त्यांचे म्हणणे कुठे संपते आणि तुमचे कुठे सुरू होते, ते इथे कळते. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे काम हेच. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकून वरची दहा वाक्ये झाकली जात नाहीत. 'त्यांच्या मते', 'ते पुढे दाखवतात' असे धागे मध्ये ठेवा.

पद्धत सोपी आहे. उतारा वाचा, पुस्तक मिटा, दहा मिनिटांनी आठवणीतून लिहा, मग मूळ उघडून ताडून बघा. टिपणवहीत नक्कल केलेले, स्वतःच्या शब्दांतले आणि स्वतःचे मत अशा तीन खुणा पहिल्या दिवसापासून करा आणि प्रत्येक टिपणाला पृष्ठांक द्या. सहा महिन्यांनी आपलेच टिपण बघून हे वाक्य कोणाचे ते सांगता येत नाही. नकळत झालेली उचल बहुधा इथेच होते.

पारसिक_डोंगर

गॅझेटियरविषयी. स्वामित्वहक्क संपला म्हणजे छापायला परवानगी लागत नाही. श्रेय द्यायची जबाबदारी वेगळी, ती कधीच संपत नाही. ठाण्याचा खंड कोणत्या आवृत्तीतून घेतला तेही लिहा. पुनर्मुद्रण किंवा संकेतस्थळावरची प्रत असेल तर पृष्ठांक जुळतीलच असे नाही. इंग्रजीतून तुम्ही अनुवाद केला असेल तर 'अनुवाद प्रस्तुत लेखिकेचा' अशी टीप द्या. भाषांतर केलेले असले की ते तपासणीच्या सॉफ्टवेअरच्या हाती सहज लागत नाही म्हणून बरेच जण ते स्वतःचे म्हणून खपवतात, पण ही उघड चोरीच आहे.

कशाला संदर्भ लागत नाही? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, याला लागत नाही. पण २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८,४१,४८८ होती, याला लागतो, कारण हा आकडा वर्ष आणि हद्द यांवर अवलंबून आहे.

'मार्ग'मधला लेख न वाचता त्याचा थेट संदर्भ देऊ नका. मजकुरात मूळ लेखकांची नावे आणि १९६५ लिहा, पुढे 'अमुक पुस्तकात उद्धृत' म्हणा आणि संदर्भसूचीत फक्त तुम्ही वाचलेले पुस्तक ठेवा. पण माझे मत विचाराल तर हा लेख तुमच्या विषयाचा पाया आहे, तो मिळवाच. मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांत आणि वास्तुकला महाविद्यालयांत चौकशी करा. मधल्या लेखकाने चुकीचा अर्थ लावला असेल तर तोच तुमच्या प्रबंधात उतरेल.

तळटीपांत 'तत्रैव' (म्हणजे वरच्याच ग्रंथात) वापरत असाल तर तो शेवटच्या खर्ड्यातच घाला. मध्ये एक परिच्छेद सरकला की 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतो. तोवर लेखक आणि लघुशीर्षक लिहा, किंवा झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरा, ते मोफत आहे.

घणसोली_संशोधक

वगळणी लावल्यावर १४ टक्के राहिले. त्यातले ६ एकाच पुस्तकाशी जुळतात, ते प्रकरण मी पुन्हा लिहिते आहे. दोन शंका राहिल्या: १९७३ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यातला नकाशा, आणि माझाच आधी छापलेला शोधनिबंध.

ग्रंथालय_ठाणे_पूर्व

स्वतःच्या निबंधातला मजकूरही न सांगता पुन्हा वापरायचा नसतो. आयोगाने २०२० मध्ये त्याविषयी वेगळी सूचना काढली आहे. प्रकरणाच्या पहिल्या पानावर तळटीप द्या: हा भाग कोणत्या नियतकालिकात, कोणत्या अंकात आला, आणि त्यात आता काय बदलले. सहलेखक असतील तर कोणता भाग तुमचा तेही लिहा.

नकाशा शासकीय संस्थेचा आहे. अशा प्रकाशनाचा हक्क पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे १९७३ च्या प्रकाशनाचा २०३३ अखेरपर्यंत. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, सर्वांसाठी खुला होणार, म्हणून स्कॅन जसेच्या तसे लावायचे असेल तर लेखी परवानगी मागा आणि ते पत्र परिशिष्टात जोडा. तुम्हाला नोड आणि रेल्वेमार्ग एवढेच दाखवायचे असेल तर नकाशा स्वतः काढा आणि खाली 'नवी मुंबई विकास आराखडा मसुदा, १९७३ वर आधारित, रेखाटन लेखिकेचे' असे लिहा. नकाशा क्रमांक आणि पृष्ठांकही त्याच ओळीत द्या, सूचीवर सोडू नका.