मदत हवी आहे: मात्सुयामात घर भाड्याने घेताना जपानमधील संपर्क कोणाचा द्यावा?

येत्या एप्रिलपासून मात्सुयामातील सरकारी शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षिका म्हणून रुजू होत आहे; व्हिसासाठी लागणारे पात्रता प्रमाणपत्र हाती आले आहे, अडचण घराची आहे. दोगो ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जाणाऱ्या ट्रामच्या थांब्याजवळची एक खोली पसंत पडली असून, अनामत आणि 'रेइकिन', म्हणजे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, भरण्याची तयारी आहे. मात्र भाड्याची हमी घेणाऱ्या हमीदार कंपनीच्या अर्जात जपानमध्ये राहणाऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक अनिवार्य आहे आणि तेथे माझ्या ओळखीचे कोणीही नाही. पुण्यातील भावाचा क्रमांक नाकारला गेला, नेमणूक करणारी संस्थाही नाव द्यायला तयार नाही. पहिला पगार मेअखेरीस मिळणार असल्याने तोवर हॉटेलात राहणे परवडणार नाही. अशा वेळी आपण त्या रकान्यात कोणाचे नाव दिले होते?