कर्लिंग टीव्हीवर बघताना लक्ष कुठे ठेवायचं?

प्रश्न: हिवाळी ऑलिंपिकमधलं कर्लिंग, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ, बघायला लागलोय. गुण कसे मोजतात? आणि ब्रशने एवढं घासतात कशाला?

उत्तर १: एका डावाला 'एंड' म्हणतात. प्रत्येक संघाचे ८ दगड. सगळे टाकून झाले की गुण एकाच संघाला: बर्फावर आखलेल्या वर्तुळात, मध्याच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, त्याला. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत त्यांचे जितके दगड, तितके गुण.

उत्तर २: बर्फ गुळगुळीत नसतो. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुटकुळ्या गोठवलेल्या असतात. घासलं की त्यांचा वरचा थर किंचित तापतो, घर्षण घटतं. मग सुमारे १९ किलोचा दगड लांब जातो आणि कमी वळतो. सोडताना मूठ कुठल्या बाजूला फिरवली ते बघा, दगड त्याच बाजूला वळणार. 'हर्री' (म्हणजे जोरात घासा) ऐकू आलं की समजा, दगड कमी पडतोय किंवा जास्त वळतोय.

उत्तर ३: खरी चुरस 'हॅमर'ची, म्हणजे एंडमधल्या शेवटच्या दगडाची. गुण घेतला की पुढचा हॅमर समोरच्याकडे जातो. म्हणून एकच गुण मिळणार असेल तर चांगले संघ मुद्दाम वर्तुळ रिकामं करतात. शून्य गुण, पण हॅमर हातात! मिश्र दुहेरीत मात्र ही युक्ती चालत नाही.