मदत हवी आहे: टायमिंग चेन टेन्शनरचा खडखडाट

माझ्या २००८ सालच्या व्ही-६ पेट्रोल जर्मन सेडानचे इंजिन सकाळी सुरू केल्यावर पहिले तीन-चार सेकंद टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारी साखळी) खडखडल्यासारखा आवाज येतो आणि ऑइलचा दाब वाढताच तो थांबतो. टेन्शनर (साखळी ताणून धरणारा भाग) त्याच दाबावर चालत असल्याने रात्रभर त्यातले ऑइल उतरत असावे, हे सांगलीतील आमच्या मिस्त्रींचे मत मला पटते. मात्र साखळीला मार्गावर ठेवणारे प्लॅस्टिकचे गाइडही ठिसूळ झाले असतील आणि साखळीने चाकाचे दात सोडले, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होईल, ही धास्ती आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली ही गाडी मला मोडीत काढायची नाही. केवळ टेन्शनर बदलावा की साखळी व गाइडसह पूर्ण संच? सांगली-मिरज परिसरात टायमिंग लॉक करण्याची (काम करताना इंजिनाचे फिरते भाग जागच्या जागी धरून ठेवण्याची) हत्यारे असलेला अनुभवी मेकॅनिक माहीत असल्यास कृपया कळवावे. तोपर्यंत गाडी उभीच ठेवली आहे.